१६८९ ची शिवडी, पलंगाखाली मावेल अशी: भंगारातून युद्धखेळाचं टेरेन

खटपट_लालबाग (धागाकर्ता)

मंडळी, टेबलावरच्या युद्धखेळांचा धागा निघाला की गाडी हमखास चिमुकल्या सैनिकांच्या किमतींवर जाऊन थांबते. सैनिक एकदा घेतले की घेतले. खरं घोडं अडतं ते मैदानापाशी. टेकड्या, तटबंदी, झाडं, घरं, पाणी हे सगळं टेरेन परदेशातून मागवायचं तर कस्टम ड्यूटी धरून पलटणीपेक्षा महाग पडतं, आणि खोक्यातून निघतं काय, तर फ्रान्समधलं शेतघर. मला शिवडी पाहिजे.

शिवडीच का, तर एप्रिल १६८९. ईस्ट इंडिया कंपनीच्या सर जॉन चाइल्डने मुघलांची जहाजं पकडून कुरापत काढली होती. त्याचं उत्तर म्हणून जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान रात्रीचा शिवडीला उतरला. माझगाव गेलं, बघता बघता जवळजवळ अख्खं बेट गेलं, आणि इंग्रज कोटाच्या किल्ल्यात वर्षभराहून जास्त कोंडून पडले. शेवटी औरंगजेबाची माफी मागून, दीड लाख रुपये दंड भरून सुटका झाली. आपण रोज हार्बर लाइनने जिथून जातो तिथली ही लढाई, आणि ती कोणी खेळत नाही.

तर टेबलावर काय काय हवं? चिखलाचं खाजण, तिवरं (खारफुटी), ताडाची बनं, कोळ्यांच्या झोपड्या, टेकडीवरचा छोटा किल्ला आणि उतरणाऱ्या होड्या. हे सगळं घरातल्या टाकाऊ सामानातून करतोय. बरंच झालंय, थोडं अडलंय.

आधी माझे दोन नियम सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. पहिला: मूळ वस्तू ओळखू येता कामा नये. पुष्कळ जण टूथपेस्टचं झाकण उलटं चिकटवतात, वर राखाडी रंग मारतात आणि त्याला बुरूज म्हणतात. ते रंगवलेलं झाकणच असतं. कडा मोडा, वर काहीतरी थापा, दोन वेगळ्या वस्तू एकत्र करा, पण बघणाऱ्याला "अरे, हे तर अमुक" असं वाटलं की खेळातली मजा तिथेच संपली. दुसरा: डाव संपल्यावर सगळं पलंगाच्या खणात गेलं पाहिजे. आमचं घर वन रूम किचन आहे. प्रशियाच्या राजासाठी राइसविट्झने १८१२ साली युद्धखेळाचं जे टेबल बनवलं, त्यातसुद्धा जमिनीचे तुकडे ठेवायला खण होते. राजवाड्यात खण लागतात तर लालबागमध्ये लागणारच.

माप १/७२ घेतलंय. यात माणूस साधारण २४ मिलिमीटरचा होतो, दोन मीटरचं दार २८ मिलिमीटरचं, सहा मीटरची भिंत आठ सेंटिमीटरच्या थोडी वर. इथवर सरळ आहे. गंमत पुढे येते. बंदुकीचा शंभर मीटरचा पल्ला याच मापाने काढलात तर १३९ सेंटिमीटर भरतो, म्हणजे गोळी टेबल ओलांडून शेजाऱ्यांच्या किचनमध्ये. म्हणून अंतराचं माप वेगळं, माणसांचं वेगळं. एक झोपडी म्हणजे एक पाडा, चार ताड म्हणजे एक बन. हे एकदा मान्य केलं की पन्नास घरं बांधायची गरज उरत नाही. तीन नीट बांधा.

किल्ल्याची भिंत आतून थर्माकोलची आहे (टीव्हीच्या खोक्यातला, विकतचा नाही) आणि बाहेरून अंड्यांच्या ट्रेची. ट्रे म्हणजे कागदाच्या लगद्याचा, करड्या रंगाचा, प्लास्टिकचा नव्हे. त्याचे सपाट भाग कापून नखाएवढे वेडेवाकडे चौकोन करायचे आणि फेव्हिकॉलने एकेक दगड चिकटवत जायचं. कापलेली कड धारदार दिसते, ती ओल्या बोटाने दाबून गोल करायची. लगद्याचा खरखरीतपणा आपल्या काळ्या दगडासारखाच दिसतो, वेगळं टेक्स्चर द्यावं लागत नाही, आणि थर्माकोलचे दाणेही झाकले जातात. सगळं वाळल्यावर फेव्हिकॉल, पाणी आणि काळा स्टेनर (रंगात मिसळायचा गडद रंग) यांचं मिश्रण सांध्यांत शिरेल असं लावायचं. मग करडा रंग ब्रशवर घेऊन तो रद्दीवर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि भिंतीवरून नुसता ओझरता फिरवायचा. उंचवटे उजळतात, फटी काळ्या राहतात. हे काम टीव्हीसमोर बसून होतं. घाईचं नाही.

अडलंय दोन ठिकाणी: ताडामाडाची झाडं, आणि पावसाळा. बोला.

सई_जोगेश्वरी

मस्त धागा. वाचनखूण साठवली आहे.

थर्माकोलबद्दल एक शंका. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे ना? गणपतीच्या मखरांचा केवढा गोंधळ झाला होता. मग हे चालतं का?

खटपट_लालबाग

म्हणून तर कंसात "विकतचा नाही" लिहिलंय. सजावटीचा थर्माकोल विकत आणायचाच नाही, आणि २०२२ च्या जुलैपासून ती बंदी देशभर आहे. पण टीव्ही, मिक्सर, फ्रिज यांच्या पॅकिंगमधून जो घरात येऊन पडतो, त्याला भंगारवाला हात लावत नाही आणि सोसायटीची कचऱ्याची गाडीही नाक मुरडते. तोच वापरतो.

कापताना मात्र काळजी घ्या. साध्या करवतीने किंवा बोथट कटरने कापलात की दाणे घरभर होतात, मग मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात. ब्लेड नवं घ्या, एका दमात ओढा, खाली ओला कपडा अंथरा. तापलेल्या तारेने छान कापलं जातं, पण त्या वासात बसू नका, गॅलरीत करा.

बिनपगारी_सेनापती

धागाकर्ते, एक भर घालतो. थर्माकोलवर स्प्रेचा डबा थेट मारायचा नाही, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. चपलांना लावतात त्या पिवळ्या सोल्यूशनचंही तेच. आधी फेव्हिकॉल आणि रंगाचा जाड थर द्या, एकही पांढरा ठिपका उघडा ठेवू नका, मग हवं ते करा.

आणि या छंदातल्या शिष्ट मंडळींना भंगाराचं वावडं असेल तर त्यांना इतिहास सांगा. वॉरहॅमर ४०,००० हा युद्धखेळ १९८७ साली आला. आज त्यांचा एकेक रणगाडा घेताना घाम फुटतो, पण सुरुवातीच्या काळात त्याच कंपनीने डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून रणगाडा कसा करायचा ते रीतसर छापलं होतं. भंगार हे या छंदाचं माहेर आहे.

पगडीवाला

मी थ्रीडी प्रिंटर घेतलाय. फाइल टाकली, रात्रभर ठेवलं, सकाळी बुरूज तयार. एवढी अंड्यांची ट्रे कोण कापत बसणार? :)

खटपट_लालबाग

@पगडीवाला, तोफा आणि चाकं प्रिंटच करा, तिथे हाताने तेवढी सफाई येत नाही. पण खाजणाची फाइल दाखवा मला एक. बाहेर मिळतात त्या फायली युरोपातल्या गढ्यांच्या. आणि छापलेल्या भिंतीवरच्या थरांच्या रेघा घालवायला शेवटी पुट्टी फासावी लागतेच, म्हणजे आलात आमच्याच ओळीत.

रद्दीपेपर

जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

याला सगळे "रिसायकल" म्हणतायत ते काही पटत नाही. पुठ्ठा रद्दीवाल्याकडे गेला तर त्याचा लगदा होऊन पुन्हा पुठ्ठा होतो. धारावीत तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे निवडून, दळून, त्याचे दाणे पाडतात. ते खरं रिसायकलिंग. तुम्ही पुठ्ठ्याला फेव्हिकॉल, पुट्टी, वाळू आणि ऑइल पेंट फासलात की तो कोणाच्याच कामाचा उरत नाही. चार वर्षांनी कंटाळलात की सरळ देवनारच्या कचराडेपोत.

सई_जोगेश्वरी

+१. मनात हेच आलं होतं, लिहायला धीर झाला नाही.

खटपट_लालबाग

राग कसला, मुद्दा बरोबर आहे. माझी पद्धत त्यावरूनच ठरली आहे: रद्दीवाला ज्याचे पैसे देतो ते त्याला द्यायचं. वर्तमानपत्र, स्वच्छ पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या यांना बाजार आहे, मी त्यांच्या वाटेला जात नाही. ज्याला तो "ये नहीं चलेगा" म्हणतो ते माझं. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप (ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेलं, कोण सोडवणार?), जुने टूथब्रश, झाकणं, वाळलेली बॉलपेनं, तेलकट डाग पडलेले पिझ्झाचे खोके, उसवलेला टॉवेल, अर्धवट उरलेली वॉल पुट्टी.

पिझ्झाच्या खोक्याचं खास सांगतो. त्याची नळी बारीक असते, कुरियरच्या खोक्याची जाड. वरचा कागद ओला करून सोलून काढला की आतली नागमोडी बाजू उघडी पडते आणि १/७२ ला ती पत्र्याच्या छपरासारखी दिसते. १६८९ ला पत्रे नव्हते हे मान्य, त्यामुळे शिवडीला उपयोग नाही. पण ज्यांना गिरण्या, गोदी, दुसऱ्या महायुद्धातली शेड वगैरे करायची आहे त्यांनी तेलकट नसलेली बाजू कापून ठेवा.

तिवरातला_खेकडा

खाजण कसं केलंत ते लिहिलंच नाही! मी शिवडीचाच. आमच्याकडे फ्लेमिंगो बघायला लोक येतात, चिखलाकडे कोणी बघत नाही. म्हणून उत्सुकता.

खटपट_लालबाग

@खेकडा, हाच भाग माझ्या सर्वात आवडीचा आहे, म्हणून राखून ठेवला होता.

खाली फ्लेक्स. मंडळाचा किंवा वाढदिवसाचा जुना बॅनर, उलट्या बाजूने. (आमच्या खाजणाच्या पोटात एक भावी नगरसेवक हात जोडून उभे आहेत.) नुसत्या फ्लेक्सवर रंग टिकत नाही, म्हणून पॉलिश पेपरने घासून घ्यायचा. वर पुट्टी, फेव्हिकॉल, बारीक चाळलेली वाळू आणि स्टेनर. मुंबईचा चिखल तपकिरी नसतो, त्यात काळा जास्त आणि हिरवट झाक थोडी. पुट्टी एकटी लावलीत तर फ्लेक्स गुंडाळताना तडकते, फेव्हिकॉलने ती लवचिक राहते. तरी गुंडाळी ढिलीच करायची.

ओली असतानाच बोटाने ओहोळ काढायचे. भरतीचं पाणी उतरताना चिखलात जी फांद्याफांद्यांची नक्षी उमटते ती डोळ्यांसमोर ठेवा. आणि मग टूथब्रश.

तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात, श्वास घेणारी. खरी असतात वीतभर किंवा थोडी जास्त, म्हणजे आपल्या मापात तीन ते चार मिलिमीटर. जुन्या टूथब्रशचे केस कात्रीने कापायचे, चिमट्याने तीन-चार धरायचे, टोक फेव्हिकॉलमध्ये बुडवायचं आणि ओल्या पुट्टीत उभे रोवायचे. दाटी झाडाच्या बुंध्यापाशी, लांब जाल तशी विरळ. वाळल्यावर पातळ काळपट रंग. रंग लावेपर्यंत ते टूथब्रशचे केसच दिसतात, कारण कंपन्यांना निळा-हिरवा रंग फार प्रिय. रंग लागला की तिवर उभं राहतं. खोड आणि फांद्यांसाठी जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळायच्या (तांब्याला भाव आहे, पण वीतभर वायरीचं कोण काय देणार), आणि पानोळा म्हणून भांड्यांची हिरवी घासणी फाडून, कुस्करून, वर ओल्या चमकेसाठी वॉर्निश.

चिखलाच्या चमकेसाठी फेव्हिकॉल वापरू नका. वाळल्यावर पारदर्शक दिसतो, पण पावसाळी हवेत पुन्हा दुधाळ होतो.

तिवरातला_खेकडा

वा! मुळं अगदी बरोबर पकडलीत. एक सुचवू? चिखलात अधूनमधून शिंपल्यांचा बारीक चुरा टाका, भरतीच्या रेषेवर. आणि होड्यांसाठी आंब्याची कोय! चोखून, धुऊन, कडक उन्हात वाळवायची, मग फटीतून सुरी घालून दोन भाग करायचे. आतली बी काढली की उरतं ते होडकंच असतं, टोकंसुद्धा निमुळती. वरच्या शिरा लाकडाच्या रेघांसारख्या दिसतात. छोट्या आंब्याची घेतलीत तर तुमच्या मापाला चारपाच मीटरची होडी होईल.

खटपट_लालबाग

कोय!! साष्टांग नमस्कार. माझी होडी पुठ्ठ्याची होती, ती आत्ता रद्दीत गेली.

आजी_डोंबिवली

तुमचा खेळ काही मला कळत नाही, पण आमची मुलं दिवाळीत किल्ला करायची त्याची आठवण झाली. त्यात गोणपाट ओल्या मातीत बुडवून विटांवर पसरायचे, की डोंगर तयार. वर हळीव किंवा मोहरी पेरायची, चार दिवसांत गवत. तुम्हाला डोंगर करायचा असेल तर गोणपाटाइतकं सोपं काही नाही.

झोपडीचं छप्पर कशाचं करता? जुन्या टर्किश टॉवेलचं करून बघा. पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून पिळायचा, छपरावर घालायचा, आणि मोठ्या दातांच्या फणीने वरून खाली विंचरायचा.

खटपट_लालबाग

आजी, टॉवेल अगदी बरोबर, परदेशातली मंडळीही गवती छपरं तशीच करतात. गोणपाटाचा डोंगर मात्र नक्की करणार. मातीऐवजी पुट्टी, म्हणजे उचलताना ढासळणार नाही. हळीव पेरलं तर दर दिवाळीला सिद्दीला हिरवळीवर उतरवता येईल.

पगडीवाला

झाडांचं कोणी बोललंच नाही. ताडाचं खोड: खराट्याची काडी घ्या, तिच्यावर वर्तमानपत्राची पट्टी तिरकी गुंडाळत जा, सहा-सात मिलिमीटर जाडी होईपर्यंत. गुंडाळीची कड राहते तीच खोडावरची वळी. पानं जुन्या लग्नपत्रिकेची, कागद जाड आणि ताठ असतो. ताडाचं पान पंख्यासारखं, म्हणजे गोल कापून आत कात्र्या मारायच्या. माडाचं वेगळं, लांब आणि पिसासारखं. आणि पिसासारखं म्हणजे खरोखर पीस! कबुतराचं पीस घ्या, दोन्ही बाजूंनी तिरके काप द्या, हिरवं रंगवा. मुंबईत कबुतरांच्या पिसांचा तुटवडा पडणार नाही.

खरा ताड पंधरा मीटरचा धरला तर १/७२ ला एकवीस सेंटिमीटर होतो. तेवढा करू नका, हात लागून पडतो. तेरा-चौदा पुरे, डोळा चालवून घेतो.

सई_जोगेश्वरी

कबुतराची पिसं घरात?? कृपया नको. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसांना बाधते, आमच्या इमारतीत त्यावरून जाळ्या लागल्या आहेत. अगदीच हौस असेल तर मास्क लावून उचला, साबणाच्या पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. माझं मत विचाराल तर लग्नपत्रिकेचीच पिसं कापा. मधली शीर दुमडून घेतली की छान बाक येतो.

खटपट_लालबाग

सईताईंशी सहमत, लग्नपत्रिकाच. घरात दमा असणाऱ्यांनी पिसांचा विचारही करू नका. @पगडीवाला, खोडाची युक्ती अफलातून. प्रिंटरवाल्याने रद्दी गुंडाळायला शिकवावं, काय दिवस आलेत.

बिनपगारी_सेनापती

पावसाळ्याचं राहिलं. तळमजल्यावर राहिलेला माणूस आहे, सांगतो.

पुठ्ठा वाकतो कारण एकाच बाजूला ओलं लागतं. वरून रंग-पुट्टी लावलीत की खालूनही कागद चिकटवा, मग दोन्ही बाजू सारख्याच ओढतात. वाळेपर्यंत वर वजन. गव्हाच्या किंवा मैद्याच्या खळीचं काही असेल तर झुरळं आणि कसर येणारच. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ते याच कारणाने. पण मोरचूद विषारी आहे, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर खळ वापरूच नका, फेव्हिकॉल बरा.

चहाचा चोथा जंगलातला पालापाचोळा म्हणून फार छान दिसतो, पण तो दूधसाखरेचा नको. कोऱ्या चहाचा, धुतलेला, कडकडीत वाळवलेला हवा. नाहीतर जुलैत त्यावर खरंच जंगल उगवतं.

आणि महत्त्वाचं: पलंगाच्या खणात डांबरगोळ्या टाकू नका. त्यांनी थर्माकोल मऊ पडतो, चिकट होतो. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवा.

रद्दीपेपर

पुड्यांना रद्दीवाला पैसे देत नाही, त्यामुळे नियमात बसतं. :)

बाय द वे, सिद्दीचे सैनिक कुठून आणणार? भारतीय पलटणी १/७२ ला सहज मिळत नाहीत.

खटपट_लालबाग

दुसऱ्या कुठल्याही जुन्या सेटमधले उघड्या डोक्याचे शिपाई, वर एम-सीलची पगडी. मळलेल्या एम-सीलची शेवयीएवढी वळी लाटायची आणि डोक्याभोवती दोन वेढे. टाचणीने घड्या पाडायच्या. थोडीथोडीच मळा, लवकर घट्ट होतं. अंगरख्याचा घेर हवा असेल तर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेला टिश्यू पेपर कमरेला गुंडाळा.

तिवरातला_खेकडा

रविवारी डाव लावणार असाल तर मी येतो, कोया घेऊन. एक नियम आधी ठरवा: तिवरात तोफ ओढता येते का?

खटपट_लालबाग

नाही. खाजणात पायदळाची चाल निम्मी, तिवरात एक चतुर्थांश, घोडा आणि तोफ दोन्हीकडे बंद. टूथब्रशचे केस जिथे संपतात तिथे तिवराची हद्द संपते, त्यावरून वाद नको. तोफा फक्त फ्लेक्सच्या दक्षिण कडेच्या वाळूवर उतरतील, म्हणजे इंग्रजांना काहीतरी आशा राहील.

पगडीवाला

भरतीचं काय? चौथ्या फेरीनंतर पाणी चढवा, मग बघू सिद्दी कसा परततो.

खटपट_लालबाग

भरतीसाठी निळं पॉलिथिन कापून ठेवतो, बोहरणीने नाकारलेल्या साडीच्या पिशवीचं. कधी चढेल ते फाशावर.